अडकलेल्यांना सांगायचे पिक्चर

लिफ्टकाका आठवड्याला एक पिक्चर बघत आणि तो आपण कामासाठी बघतो असं सगळ्यांना सांगत. ऐकणारा हसायचा. हसू देत बापडे. काका सांगत ते अक्षरशः खरं होतं.

काका लिफ्ट दुरुस्त करत. एकतीस वर्षं हेच काम. एखाद्या इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आत माणसं सापडली, की कंपनीच्या ऑफिसातून फोन येई आणि काका हत्यारांची पिशवी खांद्याला लावून निघत. लिफ्ट चालू करणं हा कामाचा सोपा भाग होता. अवघड भाग आत उभा असे. बंद खोक्यात अडकलेला माणूस पहिली दोन मिनिटं हसतो, पुढची तीन मिनिटं दिसेल ते बटण दाबतो आणि मग दार बडवायला लागतो. दार बडवलं की पत्रा वाकतो, आणि पत्रा वाकला की काकांचं काम दुप्पट होतं. म्हणून आतल्या माणसाला बोलतं ठेवायचं, हे काका पहिल्याच वर्षी शिकले.

सुरुवातीला त्यांनी हवापाण्याच्या गप्पा मारून पाहिल्या. पण कोंडलेल्या माणसाजवळ हवेचा विषय काढणं म्हणजे आगीत तेल ओतणंच. मग मुलाबाळांची चौकशी करून पाहिली, तर एक बाई मुलांच्या आठवणीने अशा हमसून रडायला लागल्या की काकांना पाना खाली ठेवून त्यांची समजूत काढत बसावं लागलं. शेवटी एकदा एका वकीलसाहेबांना त्यांनी सहज विचारलं, "साहेब, एवढ्यात कुठला पिक्चर पाहिलात?" वकीलसाहेबांनी त्या पिक्चरची अशी काही सालटी काढली की लिफ्ट तळमजल्याला आली, दार उघडलं, तरी ते दारातच उभे राहून बोलत होते. त्या दिवसापासून काकांची पद्धत ठरून गेली. दाराच्या फटीला तोंड लावायचं, आत किती जण आहेत ते विचारायचं, कुणाला दम तर लागत नाही ना ते विचारायचं, आणि लगेच पिक्चर.

आता सगळीच माणसं काही वकिलासारखी बोलत नाहीत. काहींची दातखीळ बसलेली असते. तिथे काकांनाच गोष्ट सांगावी लागे, आणि गोष्ट सांगायची तर साठा हवा. तरण्याताठ्यांना मारामारीचा पिक्चर, वयस्कर माणसांना खुनाच्या तपासाचा, आत लहान मूल असेल तर बोलणाऱ्या प्राण्यांचा. भुताचा मात्र कधीच नाही. तो एकदाच सांगितला होता, बँकेतल्या दोन कारकुनांना. त्यात नेमकी दिवा जाण्याची जागा आली आणि काकांनी नेमकी तेव्हाच दिव्याची वायर काढली. ते दोघे आजतागायत बँकेत जिन्याने चढतात म्हणे.

तर दर रविवारी दुपारी काका आणि काकू पिक्चरला जात. निवड ठरलेली नसे. आज जो लागला असेल तो. बाहेर पडलं की घरापर्यंतचा रस्ता पंचवीस मिनिटांचा, आणि ती पंचवीस मिनिटं काकांची असत.

काकांची मतं ठाम होती, आणि बरीचशी लिफ्टमधून निघालेली होती. गेल्या महिन्याचंच घ्या. पहिल्या रविवारी भुताचा पिक्चर पाहिला. त्यात ओसाड हॉटेलमध्ये लिफ्टचं दार आपोआप उघडतं आणि मिटतं, उघडतं आणि मिटतं, आणि सगळं थेटर जीव मुठीत धरून बसलेलं असतं. काका मोठ्यांदा म्हणाले, "दाराच्या सेन्सरच्या डोळ्यावर धूळ बसलीय. फडकं मारा!" पुढच्या रांगेतल्या चौघांनी वळून पाहिलं. दुसऱ्या रविवारी प्रेमाचा. त्यात नायक-नायिका लिफ्टमध्ये अडकतात आणि वीस मिनिटांत एकमेकांच्या प्रेमात पडतात. रस्ताभर काकांचा संताप मावेना. "एकतीस वर्षं मी माणसं बाहेर काढतोय. एक जोडपं दाखव मला प्रेमात पडलेलं! दहाव्या मिनिटाला दोघांतला एक जण म्हणतो मला बाथरूमला जायचंय, आणि दुसरा म्हणतो तुमच्यामुळेच अडकलो. जमतं ते भांडण जमतं." तिसऱ्या रविवारी दरोड्याचा, ज्यात चोर लिफ्टच्या छताची झडप आतून उघडून वर चढतात. "ती झडप आतून उघडत नाही. बाहेरून उघडते. हे त्या दिग्दर्शकाने मला एक फोन करून विचारलं असतं तर त्याचं काय जाणार होतं?" चौथ्या रविवारी अवकाशाचा. त्यात लिफ्ट नव्हती. त्याबद्दल काका एवढंच म्हणाले, "शांत पिक्चर आहे. फार शांत."

"तुला कसा वाटला?" हे ते दर वेळी शेवटी विचारत, घराचं कुलूप काढता काढता.

"बरा होता," काकू म्हणत.

एकोणतीस वर्षांच्या संसारात काकूंनी एकाही पिक्चरला याहून वेगळं मत दिलं नव्हतं. भुताचा बरा होता, प्रेमाचा बरा होता, युद्धाचा, ज्यात शेवटी एकही माणूस उरत नाही, तोही बराच होता. काकांनी मनाशी ठरवून टाकलं होतं की आपल्या बायकोला पिक्चरमधलं फारसं कळत नाही, ती बिचारी आपल्या सोबतीसाठी येते. नवरे मंडळी असं बरंच काही मनाशी ठरवून मोकळी होतात.

काकूंची आणखी एक गोष्ट सगळ्या ओळखीत प्रसिद्ध होती. लिफ्टकाकांची बायको जन्मात कधी लिफ्टमध्ये चढली नव्हती. दवाखाना असो, दुकान असो, कुणाचं लग्नकार्य असो, काकू जिन्याने. लोक टिंगल करत, काका कानकोंडे होत. आणि याचं कारण काकांना पक्कं ठाऊक होतं. लग्नानंतर महिन्याभरातच त्यांनी बायकोला मोठ्या हौसेने पहिला पिक्चर दाखवला होता, आणि त्या पिक्चरमध्ये एक लिफ्ट दोर तुटून चौदा मजले खाली कोसळत होती. काकूंनी तेव्हा काकांचा दंड असा धरला होता की दुसऱ्या दिवशी चार बोटांचे वण मोजता आले. झालं. त्यानंतर लिफ्टचं नाव नाही.

"त्या पिक्चरवाल्याने माझा घात केला," काका म्हणत. त्यांनी समजवायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. जेवणाच्या टेबलावर चमचा आणि दोरे घेऊन प्रात्यक्षिक दाखवलं होतं. एक नाही, पाच दोर असतात. एकटा एक दोर सगळी लिफ्ट पेलतो. आणि पाचही तुटले तरी खालचे जबडे रूळ असे पकडतात की लिफ्ट वीतभरसुद्धा सरकत नाही. काकू सगळं नीट ऐकून घेत, चमचा धुऊन जागेवर ठेवत, आणि दुसऱ्या दिवशी जिन्याने जात.

हे असंच चाललंही असतं. पण काकूंचा उजवा गुडघा गेला, आणि त्याच सुमाराला लेकीला मुलगी झाली.

लेक बाळंतपणाला सासरी होती, दूरच्या गावी. ऑपरेशन करावं लागलं. वीस दिवसांनी ती बाळाला घेऊन आपल्या घरी परतली आणि ते घर होतं नवव्या मजल्यावर. नातीला काकूंनी तोवर फक्त फोनच्या काचेत पाहिलं होतं. लेक आली त्याच दिवशी संध्याकाळी काकू जिना चढायला निघाल्या. दुसऱ्या मजल्यावर बसल्या. उठल्या, चार पायऱ्या चढल्या, पुन्हा बसल्या. जावयाने आणि काकांनी दोन बाजूंनी धरून खाली आणलं तेव्हा गुडघा सुजून टम्म झाला होता. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, यापुढे जिना बंद म्हणजे बंद.

"बाळाला खाली आणू," काका म्हणाले. "दहा मिनिटं मांडीवर घे, परत नेऊ."

"वीस दिवसांच्या पोरीला माझ्यासाठी खाली-वर नाचवायची? अजिबात नाही," काकू म्हणाल्या. आणि मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. काकांनी त्यांना एवढं गप्प कधी पाहिलं नव्हतं. शुक्रवार गेला, शनिवार गेला. शनिवारी रात्रीचं जेवण झाल्यावर काकू स्वतःच म्हणाल्या, "उद्या मी लिफ्टने जाईन. पण तुम्ही म्हणाल तसं नाही. एकटी जाईन."

काका हातातलं ताट खाली ठेवायचं विसरले. "एकटी का? मी आहे ना बरोबर."

"एकटी," काकू म्हणाल्या.

रविवारी सकाळी काका सातलाच लेकीच्या इमारतीत हजर झाले. ती लिफ्ट त्यांच्याच देखभालीतली होती. त्यांनी दोर तपासले, ब्रेक तपासला, दारांना तेल दिलं, आतला आरसा पुसला, पंख्याची जाळी काढून धुतली. तरी मन ठिकाणावर येईना. बायको एकटी आत, पहिल्यांदा, आणि लिफ्ट तिच्या नेहमीच्या वेगाने सुटली तर? पोटात गोळा येईल तिच्या. परत कधी चढायची नाही. नातीला बघणार कशी?

मग काकांच्या डोक्यात एक कल्पना आली, आणि ती कल्पना फक्त लिफ्टच्या मेकॅनिकच्याच डोक्यात येऊ शकते. लिफ्टच्या छतावर एक छोटी पेटी असते. मेकॅनिक छतावर उभा राहून त्या पेटीतून लिफ्ट चालवतो, अगदी मुंगीच्या पावलांनी, बटण दाबून ठेवलं तरच चालते. आपण छतावर उभे राहू आणि तिला तळहातावर घेतल्यासारखी वर नेऊ. मात्र आत माणूस असताना छतावरून लिफ्ट चालवायची नाही, असा कडक नियम आहे. कंपनीच्या कार्यशाळेतल्या फळ्यावर तो नियम काकांच्याच अक्षरात लिहिलेला होता. काकांनी तो मोडायचं ठरवलं. (सोमवारी साहेबांपुढे जाऊन त्यांनी आपण होऊन कबूल केलं आणि बोलणी खाल्ली, हेही सांगून टाकतो.)

दहा वाजता काकू आल्या. ठेवणीतले कपडे, एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत स्वतः विणलेल्या तीन टोप्या, तीन मापांच्या, कारण फोनच्या काचेत डोकं केवढं ते नीट कळत नाही. 

"हे बघ," काका म्हणाले, "तू आत उभी राहा. काही दाबू नकोस. मी वरून हळू चालवतो."

"वरून म्हणजे कुठून?"

काकांनी नजर चुकवली. "वरून म्हणजे... गच्चीवर यंत्राची खोली असते ना, तिथून."

काकूंनी त्यांच्याकडे दोन क्षण पाहिलं. मग काठी पुढे टाकली आणि आयुष्यात पहिल्यांदा लिफ्टमध्ये पाऊल ठेवलं. आरशात स्वतःला पाहून केस सारखे केले. दार मिटलं.

काका जिन्याने धावत पहिल्या मजल्यावर गेले, किल्लीने बाहेरचं दार उघडलं, लिफ्टच्या छतावर उतरले, दार लावलं, पेटी चालू केली आणि बटण दाबलं. लिफ्ट हलली. अशी हलली की आत पाण्याचा पेला ठेवला असता तरी डचमळला नसता. काकांना स्वतःचाच अभिमान वाटला. दुसरा मजला. तिसरा. चौथा. खालून काकूंचा आवाज नाही, किंकाळी नाही. पाचवा. लिफ्टच्या उभ्या बोगद्यातली धूळ काकांच्या नाकात गेली आणि ते खोकले. लगेच तोंडावर हात दाबला.

"अहो," खालून पंख्याच्या जाळीतून आवाज आला.

काकांनी उरलेला खोकला गिळला.

"अहो, गच्चीवर आहात ना?"

"हो हो. गच्चीवरच."

"मग गच्ची माझ्या डोक्यावर कशी खोकतेय?"

आणि त्याच क्षणी, सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मधोमध, लिफ्ट थांबली.

काकांनी बटण दाबलं. काही नाही. सोडून पुन्हा दाबलं. काही नाही. त्यांनी दाराचा खटका पाहिला, ठीक. वायर हलवून पाहिली, ठीक. रुळांवर टॉर्च मारला, ठीक. मग पुन्हा तेच सगळं पहिल्यापासून पाहिलं. शेकडो माणसं या माणसाने बाहेर काढली होती, दाराच्या फटीला तोंड लावून, हसत, गप्पा मारत. आणि आता आपली बायको खाली आहे म्हटल्यावर त्यांना एक शब्द सुचेना.

"गच्चीपर्यंत दीड मिनिटात चढलात होय," काकू खालून म्हणाल्या. "कोपऱ्यावरून भाजी आणायला तुम्हाला पाऊण तास लागतो."

"घा... घाबरू नकोस."

"मी कुठे घाबरलेय? तुमचा आवाज घाबरलाय."

खाली काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज आला, मग पिशवी खाली ठेवल्याचा. काकूंनी घसा साफ केला.

"आत एकच जण आहे," त्या म्हणाल्या. "दम लागत नाहीये. काय हो, एवढ्यात कुठला पिक्चर पाहिलात?"

काका छतावर मटकन खाली बसले. 

"तुम्ही सांगत नसाल तर मी सांगते," काकू म्हणाल्या. "तो भुताचा. तुम्ही दाराच्या धुळीवर अडून बसलात आणि थेटरात माझी लाज काढलीत. पण त्या पिक्चरमध्ये काय होतं सांगू? ती बाई सहा महिने नवऱ्याला सांगते की तळघरातून आवाज येतो, आणि तो पेपरातून डोकं वर न काढता म्हणतो, वारा असेल. मला भुताची नाही भीती वाटली. भुताला निदान ती दिसत तरी होती."

काकांनी टॉर्च मांडीवर ठेवला.

"प्रेमाच्या पिक्चरमध्ये तो तिच्या खिडकीखाली तीन तास भिजत उभा राहतो. बाजूची बाई रुमालाने डोळे पुसत होती. मी म्हटलं, ज्याला छत्री घ्यायचं सुचत नाही त्याच्याशी ही पोरगी संसार कसा करणार? पोरांना ताप आला की हा अंगणात उभा राहून गाणं म्हणेल. त्या नायिकेची थोरली बहीण मात्र फक्कड. दोनच जागी आली, पण आली की पडदा भरून जायचा. दरोड्याचा मला फार आवडला. त्यातल्या त्या पिकल्या केसांच्या खजिनदार बाई! सगळ्यांत हुशार त्याच. चोर कोण ते त्यांना पहिल्या दहा मिनिटांत कळलेलं असतं, नीट बघितलंत तर दिसतं, त्या चष्मा पुसतात तेव्हा. पण मेल्यांनी त्यांना चार वाक्यं दिली. मी पिक्चर काढला असता तर त्यांच्यावरच काढला असता."

"चष्मा पुसतात?" काकांच्या तोंडून निघालं. त्यांनी तो पिक्चर आठवड्यात तीन वेगवेगळ्या अडकलेल्या मंडळींना सांगितला होता. चष्म्याचं त्यांना माहीतच नव्हतं.

"दोनदा पुसतात. आणि अवकाशाचा."

"तो शांत होता," काका घाईने म्हणाले.

"तुम्ही घोरत होता. पहिल्या पंधरा मिनिटांपासून. तो माणूस एकटा तिकडे तरंगतोय, घरून बायकोचा निरोप यायला चार वर्षं लागतात, आणि ती तरी रोज त्याला आज स्वयंपाक काय केला ते सांगत राहते. मी रडले. तुमच्या खांद्यालाच डोळे पुसले. तुम्हाला पत्ता नाही."

काकांना एकदम हसू आलं. भीती होतीच, पण हसू तिला बाजूला सारून आलं. आपण एकोणतीस वर्षं शेजारी कोणाला घेऊन बसत होतो, याचा त्यांना आत्ता छतावर बसून पत्ता लागत होता. "अगं, मग दर वेळी नुसतं 'बरा होता' का म्हणायचीस?"

"तुम्ही बोलायला इतके उतावीळ झालेले असायचात! शिवाय तुम्हाला ते कामाला लागायचं. म्हटलं, बोलू दे. मला काय, मी दुसऱ्या दिवशी भांडी घासताना सगळा पिक्चर पुन्हा बघायचे. माझ्या मनासारखा."

वर कुठेतरी, तीन मजले वर, एक बाळ रडत होतं. दोघांनीही ऐकलं.

"आणि तो पहिला?" काकांनी हळूच विचारलं. "लिफ्ट पडते तो. त्याच्यामुळेच ना सगळं?"

"त्याच्यामुळेच. पण तुम्हाला वाटतं तसं नाही," काकू म्हणाल्या. "लिफ्ट पडते तेव्हा सगळं थेटर आतल्या माणसांकडे बघत होतं. त्याच्या आधी एक मेकॅनिक येतो, तुमच्या लक्षातही नसेल. लिफ्टच्या छतावर चढतो. खांद्याला तुमच्यासारखीच पिशवी. मग दोर तुटतो, लिफ्ट खाली जाते, हीरो आतल्या सगळ्यांना वाचवतो, टाळ्या, शिट्ट्या, पिक्चर खलास. आणि तो वरचा? तो कुठे गेला? कुणी त्याचं नावसुद्धा घेतलं नाही. मी पिक्चर संपेपर्यंत वाट बघितली की आता दाखवतील, आता दाखवतील. लग्नाला महिना झाला होता आपल्या."

काकांनी जाळीजवळ कान नेला.

"आत बसायची मला कधीच भीती नव्हती हो. आत काय, पाच दोर आणि जबडे, सगळं पाठ आहे मला. पण लिफ्टमध्ये चढले असते तर छताकडे बघितलं असतं. तुम्ही रोज कुठे उभे राहता ते दिसलं असतं. मला ते बघायचं नव्हतं. आणि आज एकटी जाते म्हटलं ते का? तुम्ही बरोबर असलात आणि मध्येच काही बिघडलं, तर लगेच वर चढाल. निदान माझ्यापायी तरी तुम्ही त्या छतावर जाऊ नये म्हणून. तर तुम्ही नेमके तिथेच."

एकोणतीस वर्षं काका चमचा आणि दोरे घेऊन तिला आतलं सगळं समजावत होते. छतावरचं एकदाही सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं, आपल्याइतका मूर्ख माणूस या धंद्यात दुसरा नसेल. कुणीतरी इतकी वर्षं फक्त आपल्यासाठी घाबरत होतं, आणि हसतमुखाने रविवारी पिक्चरला येत होतं.

"इथे कठडा आहे," ते म्हणाले. "कमरेएवढा, तिन्ही बाजूंनी. दिवा आहे. आणि पट्टा असतो, कमरेला बांधून कठड्याला अडकवायचा."

"बांधलाय का?"

काकांनी कमरेकडे पाहिलं. सकाळपासूनच्या गडबडीत पट्टा पिशवीतच राहिला होता.

"बांधतोय," ते म्हणाले.

"बांधतोय?" खालून काठी छतावर दोनदा आपटली. "बांधतोय म्हणजे? आत्तापर्यंत?"

"अगं, बांधला, बांधला! आवाज ऐक." कडी कट्‌कन लागली.

"बरं. आता मला सांगा, लाल बटण बघितलंत?"

"कुठलं लाल बटण?"

"मला काय विचारता? फोन आला की रोज तुम्हीच लोकांना सांगता. आधी बघा, कुणी लाल बटण दाबलंय का. दहांतल्या आठ वेळा तेवढंच असतं म्हणता."

काकांनी टॉर्च फिरवला. पेटीवरचं थांबवायचं लाल बटण दिसत नव्हतं, कारण त्यावर त्यांचीच हत्यारांची पिशवी कलंडून आरामात बसली होती. खोकताना तोंडावर हात न्यायला गेले तेव्हा खांद्यावरून सटकली असणार, आणि मग हळूहळू कलंडत बटणावर आली असणार. एकतीस वर्षांचा अनुभव त्या पिशवीखाली दबला होता. काकांनी पिशवी उचलली, रुतलेलं बटण ओढून वर काढलं, आणि मग कठड्याला धरून इतके हसले, इतके हसले, की सातव्या मजल्यावरच्या आजोबांनी घराचं दार उघडून विचारलं, लिफ्टमध्ये काय पिक्चर चाललाय का.

"सापडलं?" काकूंनी विचारलं.

"सापडलं."

"कुणी दाबलं होतं?"

"सांगेन कधीतरी. चल, निघालो."

लिफ्ट हलली. सातवा. आठवा. वाटेत काकू खालून विचारत होत्या आणि काका वरून सांगत होते. हा आवाज कसला, तो दोर कुठला, अंधार किती, उकडतं का. पहिल्यांदाच ती विचारत होती, आणि काकांना चमचा लागत नव्हता. नववा आला. काकांनी लिफ्ट मजल्याशी नेमकी जुळवली आणि वरूनच दाराचा खटका ओढला. दारं सरकली. समोर लेक उभी होती, कडेला जावई, आणि लेकीच्या हातात पांढऱ्या दुपट्यातली तेवढीशी पोर, रडून लाल झालेली.

"आई! लिफ्टने आलीस!" लेक रडायच्या बेतात होती. "घे. घे ना तिला."

काकू बाहेर आल्या. काठी, पिशवी, टोप्या. नात हाताच्या अंतरावर होती. दोन दिवस भिंतीकडे तोंड करून ज्या क्षणाची त्यांनी वाट पाहिली होती तो समोर उभा होता. पण त्यांनी हात पुढे केला नाही. त्या मागे वळल्या आणि मान वर करून त्या उघड्या दाराच्या वरच्या अंधाराला म्हणाल्या, "तुम्ही आता तिथून कसे उतरणार?"

"दहाव्या मजल्याच्या दारातून," वरून आवाज आला. "तू बाळाला घे ना, मी येतो."

"आधी या."

"आई, बाबा येतील गं," लेक म्हणाली. "रोजचंच आहे त्यांचं."

"तेच ना," काकू म्हणाल्या. "येऊ देत."

वर दार सरकल्याचा आवाज झाला. किल्लीचा आवाज. मग जिन्यावर पावलं, एकेक पायरी, आणि काका वळणावर दिसले. केसांत जळमटं, हनुवटीला वंगण, पिशवी खांद्याला, आणि कमरेचा पट्टा सोडायचा राहूनच गेलेला. काकूंनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. पायांकडे जरा जास्त वेळ पाहिलं. दोन्ही पाय फरशीवर होते. त्यांनी रुमाल काढला, काकांच्या हनुवटीवरचं वंगण पुसलं, रुमाल घडी करून पिशवीत टाकला.

मग त्या लेकीकडे वळल्या आणि दोन्ही हात पुढे केले.

"आण गं तिला आता," त्या म्हणाल्या.